शांतूची प्रवचनं

पेण, ९ नोव्हेंबर २०२४

ती. सुवार्ताताईस शांतवनचा सप्रेम सलाम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज तुझी सून भाविका वाचून दाखवते. हे तिने वाचू नये, म्हणून पोस्टाने पाठवतोय.

आईला माती देऊन महिना झाला. रविवारी, चोवीस तारखेला चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलंय. खरं तर मिठागरावरच्या धोंडुबाईंनी बोलावं, त्या आईला अजून नर्सबाईच म्हणतात. मातीच्या वेळी त्या सगळ्यांना सांगत होत्या, माझी चारही पोरं नर्सबाईंच्या हातावर आली, दर खेपेला आधी डोळे मिटून प्रार्थना, मग गरम पाणी. एकोणनव्वदाव्या वर्षापर्यंत आईने प्रार्थना चुकवलेली मी तरी पाहिली नाही.

आणि मी? ताई, अनिता गेल्यापासून तीन वर्षं मी चर्चची पायरी चढलेलो नाही. माझ्या बायकोसाठी एवढं मागितलं, काही मिळालं नाही, मग जीभच वळेना. आई अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो आणि एसटी स्टँडवर चहा पीत बसायचो. घरी आलो की ती विचारायची, आज कुठला उतारा झाला? मी आदल्या शनिवारी शास्त्र उघडून एखादा उतारा शोधलेला असायचा, त्यावर प्रवचन रचून सांगायचो. ती डोळे मिटून ऐकायची. तिला शेवटपर्यंत फसवलं. आता तिच्याच उपासनेत कुठल्या तोंडाने उभा राहू?

तुझाच,
शांतू


रोहा, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय शांतूस ताईचे पोटभर आशीर्वाद.

वेड्या, आईला कोण फसवणार? पाळकसाहेब दर गुरुवारी तिच्यापाशी प्रार्थनेला यायचे. तू योनाचा उतारा सांगितलास आणि त्यांनी त्या रविवारी रूथचा घेतला होता, एवढं तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

जूनमध्ये मी आठ दिवस राहिले तेव्हा तिनेच सांगितलं. मला ऐकू यावं म्हणून ओरडून सांगत होती. तू तेव्हा डोलवीला कारखान्यात शिफ्टवर होतास म्हणून बरं, अंगणात असतास तर सगळं कळलं असतं! म्हणाली, "शांतू पाळकांपेक्षा बरं सांगतो गो. त्याला बोलू नको. अनिता गेल्यावर शनिवारी तेवढं शास्त्र उघडतोय. विचारलं तर तेही मिटेल."

आणखी एक सांगते. बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. आई आपल्याला चर्चमध्ये सोडून बाळंतीण बघायला जायची, आठवतं? बाळंतीण कुठली! वर्षभर दर रविवारी ती मिठागराच्या बांधावर एकटी बसायची. हे तिनेच जूनमध्ये कबूल केलं. देवावर रागावले होते म्हणाली, पण त्याला सोडून दुसरीकडे कुठे गेले नाही. मग एक दिवस उठली आणि आत आली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही तुला विचारलं नाही.

हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तिने शपथ घातली होती, आणि ती असताना तिचा शब्द मोडायची आपली कुणाची छाती?

मी चोवीसला येतेय. जेवायला फार काही करू नकोस.

तुझी,
सुवार्ताताई


पेण, २५ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस शांतवनचा मनापासून सलाम.

काल तू पुढच्या बाकावर होतीस, पण तुला किती ऐकू आलं कोण जाणे, म्हणून लिहितोय. तुझं पत्र शिफ्टला निघताना मिळालं होतं. कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि हसू आवरेना. शेजारच्या निलेशने विचारलं काय झालं. म्हटलं, आईने पकडलं. त्याला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलं.

काल मी मंडळीला सगळं सांगितलं. एसटी स्टँड, चहा, रचलेली प्रवचनं, आईचं बांधावरचं वर्षही. सगळ्यांत जास्त हसले ते पाळकसाहेब. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं! छातीवरचा धोंडा उतरला बघ.

मग गीत सुरू झालं. तीन वर्षांत मी गायलो नव्हतो. पहिल्या कडव्याला नुसते ओठ हलले. दुसऱ्याला आवाज लागला.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
शांतू