पाटावर बसायचं तर आधी स्प्रिंगांवर झोपावं लागतं

पनवेल,
गुरुवार, दुसरा चहा झाल्यावर

प्रिय महादेव यांस,

दाजीचे अनेक आशीर्वाद. गव्हाणला सगळे खुशाल असतील, तुझ्या मालूचा खांदा दुखायचा थांबला असेल आणि तुझं पोट अजून शर्टाच्या खालच्या दोन बटणांशी भांडत असेल, असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझा फोन मालू स्पीकरवर ठेवते आणि तिने ऐकलेलं तुझ्या बहिणीकडे माझ्याआधी पोचतं.

आधी हिशेब. पिलाटीस नावाच्या व्यायामाचा पहिला तास मला खरोखर केवढ्याला पडला? (फी आमच्या निशाने भरली, ती धरू नको.) एका पॅंटची शिवण, मागची. दोन दिवस नाक दाबून अडवलेल्या अकरा शिंका, कारण शिंकलं की पोटाचे स्नायू जाब विचारायचे. आणि तीस वर्षं जमवलेला रुबाब, जो सोनाबाईंच्या समोर गेला. सोनाबाई म्हणजे उरणच्या, अडुसष्ट वर्षांच्या, जन्मभर मासळी विकलेल्या, आता लेकीकडे पनवेलला राहतात. आमच्याच बॅचला आहेत.

या भानगडीत मी पडलो कसा, ते तुला ठाऊक नाही. निशाचं लग्न सात आठवड्यांवर आलंय. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं, आणि वीस वर्षं न्हावा शेव्याचे ट्रेलर चालवून माझा डावा पाय कायमचा क्लचवर राहिलाय. दोन महिन्यांपूर्वी मी नुसतं खुर्चीचं नाव काढलं, तर तुझी बहीण मनिषा म्हणाली, "खुर्चीत बसून पोरगी देणार? दाढी करायला बसताय का?" आमचे ओवे गावचे चुलतबंधू धर्मराज तिथेच होते. ते लगेच पुढे सरसावले, "तुला नाय जमत तर आमी दोघं बसतो ना. आपलीच पोर हाय." मी क्लीनर होतो तेव्हा याच धर्मराजाने मला चहा ओट्यावर दिला होता, घरात नाही. माझी एकुलती एक पोर, आणि तिचं कन्यादान तो करणार? दुसऱ्या दिवशी क्लास लावला.

तूही लावावास असं माझं मत आहे. तुझ्या तब्येतीची मला काळजी वाटते.

क्लास आपल्याच इमारतीत, माझ्याच गाळ्यात आहे. शिकवणारी आभा माझी भाडेकरू. मला वाटलं, मालक म्हटल्यावर व्यायामात थोडी सूट मिळेल. तिने दारातच चपला काढायला लावल्या आणि तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे हातात ठेवले. (ते चढवतानाच मला घाम फुटला. वाटलं, झाला क्लास, निघावं आता.) तू तसले मोजे घेऊनच जा. सैल पायजमा घालू नको. पाय वर गेले की पायजमा खाली येतो, आणि बॅचमध्ये आठ बायका आहेत. जेवूनही जाऊ नको. मी भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन गेलो होतो. "आता तोंडाने पूर्ण श्वास सोडा," असं आभा म्हणाली आणि सोनाबाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "सुकट करंजा बंदराची का रं दादा?"

यंत्र म्हणजे एक लांब पलंग. त्याची गादी रुळांवर पुढेमागे सरकते आणि तिला खालून स्प्रिंगा अडकवलेल्या. मी तर हसलोच. नुसत्या आवाजावरून गाडीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी, मला स्प्रिंगा दाखवता? सोनाबाईंना एक स्प्रिंग, मला तीन. म्हटलं, पोरीने माणूस ओळखला. पुढे समजलं ते उलटंच. गुडघ्यांवर बसून दांडा धरायचा आणि गादी मागे सरकवायची, त्या प्रकारात स्प्रिंग आपल्याला धरून ठेवते. जितक्या कमी, तितकं कठीण. म्हणजे तीन स्प्रिंगा हा मान नव्हता, पांगुळगाडा होता! आभाची पाठ वळली तशा मी तिन्ही काढून टाकल्या.

महादेवा, असं कधी करू नको. गादी उरणला निघाली, हात पनवेललाच राहिले, आणि मधे मी ताणला गेलो. कान तीक्ष्ण असल्याने शिवण गेल्याचं सगळ्यांत आधी मलाच ऐकू आलं. सोनाबाई आपला व्यायाम न थांबवता म्हणाल्या, "दादा, दम सोर, गाडी नको सोरू!"

तेव्हा जुनं दुखणं असेल ते आधीच सांग. मी मणक्याचं लपवलं होतं, आभाने मला नुसतं चालताना बघून ओळखलं. हालचाल बोटभर असते. बघणाऱ्याला वाटतं हा झोपलाय, आणि करणाऱ्याला देव दिसतात. पाय लटपटले तर लाजू नको, सगळ्यांचेच लटपटतात. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरताना मात्र कठडा धर.

आणि फळ? दोन महिने झाले, काल देवघरासमोर पाट मांडून पूर्ण पाऊण तास मांडी घालून बसलो! निशाने फोटो काढून धर्मराजांना पाठवला आणि ती कामाला गेली.

मालूला आशीर्वाद. तिने विचारलंच तर पत्र मंडपवाल्याबद्दल होतं, असं सांग.

तुझा दाजी,
हरेश

ता. क. तू मुलीचा मामा. निशाला मांडवात आणून उभी केलीस की जेवणाकडे पळू नको. माझ्या मागेच थांब. कन्यादान झालं की दोन्ही काखांत हात घालून मला वर घे; फोटोवाल्याला वाटेल, मेव्हणा गहिवरून मिठी मारतोय. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. कंबर न मोडता कसं उचलायचं ते आभा सात आठवड्यांत शिकवते. सोमवारपासून तुझं नाव घातलंय.

ता. क. दुसरा. कन्यादान पंधरा मिनिटांत आटपतं. काल उरलेला अर्धा तास मी उठायला बघत होतो.