चांगला वाटा

बोरिवली, ३ नोव्हेंबर २०२४

चि. शुभा हिस,
प्रभूमध्ये सलाम.

फोनवर मी रडते आणि तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई तुझ्याकडे मुलुंडला आली ती दोन महिन्यांसाठी. आता सहा झाले. त्याआधी नऊ वर्षं ती माझ्याकडे होती. तिचं पथ्य, गोळ्या, शेकायची पिशवी, सगळं मी बघितलं. आता तू फोटो पाठवतेस: आई तुझ्या सोफ्यावर, मांडीवर पवित्र शास्त्र, शेजारी चिकटून तू. माझ्याकडे ती एकटीच वाचत बसायची. माझा जळफळाट होतो, सरळच सांगते. तिला कधी पाठवतेस?

श्यामकांतरावांना सलाम. आईच्या या जावईबापूंचं पोट कमी झालं का?

लोभ उरला असेल तर ठेव.
तुझी ताई, मृणालिनी

मुलुंड, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सलाम वि. वि.

पोट वाढलंय. दोष आईच्या हातच्या करंज्यांचा.

आईला मी बांधून ठेवलेलं नाही गं. तू राबलीस, कबूल. पण राबता राबता तिच्याजवळ बसलीस कधी? मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट रविवारच्या शब्बाथ शाळेत आईनेच आपल्याला शिकवली. मार्था स्वयंपाकात गुंतलेली, मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली. मरीयेने चांगला वाटा निवडला, तो तिच्याकडून कोणी घेणार नाही, असं खुद्द प्रभू म्हणाला. मग तू कशाला मागतेस?

चोवीस तारखेला, रविवारी, आईला ऐंशी पूर्ण होतात. उपकारस्तुतीची भक्ती आणि जेवण आमच्याकडेच. नक्की ये.

रागासकट लोभ असू दे.
शुभा

बोरिवली, १३ नोव्हेंबर

शुभा,
सलाम.

वाटा! बरा शब्द सापडला तुला. आई म्हणजे काय गावची जमीन आहे, सातबाऱ्यावर तुझं नाव चढवायला?

शास्त्र मलाही येतं. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप थोरल्याला म्हणतो, तू नेहमी माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते तुझंच आहे. थोरली मी. जवळ राहिले मी. तू लग्न करून नागपूरला गेलीस, बारा वर्षांनी परत आलीस, आणि मेजवानी तुझ्या घरी! मी येणार नाही. केक तूच काप.

मृणालिनी

मुलुंड, १७ नोव्हेंबर

चि. मृणालिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं मी शुभाकडून मागून घेऊन वाचली, आणि तिने तुला काय लिहिलं तेही तिच्याकडून वदवून घेतलं. आधी हसू आलं, मग रडू. हवी तेवढी पानं खुडायची आणि मेथीची जुडी टाकून द्यायची, तसं केलंत तुम्ही वचनांचं.

शुभाला मी बोलले. म्हटलं, त्या गोष्टीत मरीया एक शब्दही काढत नाही. चांगला वाटा हे प्रभूने म्हटलं, तिने बहिणीच्या तोंडावर मारलं नाही. आणि वाटा म्हणजे त्याचं ऐकणं, आई नव्हे. प्रभूची प्रीती कोणाकोणावर होती ते योहानाने लिहिलंय, त्यात मार्थेचं नाव पहिलं आहे. तेही तिला वाचायला लावलं.

आता तू. बाप ते वाक्य कुठे उभा राहून बोलतो? परत आलेल्या धाकट्यासाठी घरात मेजवानी चाललीय, थोरला रुसून बाहेर उभा आहे, आत यायला तयार नाही. बाप सगळं सोडून त्याची समजूत घालायला बाहेर आलाय. तू बापाचं वाक्य तेवढं उचललंस, रुसवा गाळलास. पुढे थोरला आत गेला का, ते लिहिलेलं नाही. लहानपणी तू मला हे विचारायचीस. मला उत्तर देता यायचं नाही.

मी इथे राहते ती लिफ्टसाठी गं. तुझे तीन मजले या गुडघ्याला झेपत नाहीत, आणि तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मलाही बाहेर येऊन तुझी समजूत घालायची होती. जिना चढवत नाही, म्हणून पत्र पाठवते.

तुझी वाट बघणारी,
आई

बोरिवली, २० नोव्हेंबर

ती. आईस,
सलाम.

जळफळाट गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. लिफ्टचं आधी बोलली असतीस तर शुभाशी निम्मंच भांडले असते.

तिला सांग, पुलाव तिने करावा. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, तुझ्याशेजारी बसणार आहे. सोफ्याची एक बाजू तिला देईन, पण एकच.

थोरला आत गेला का, ते रविवारी दारात बघ.

तुझी थोरली