एक दांडा, चार तोंडं

सोमवार, ४ मार्च

आधी सगळ्यांची तब्येत. हिचा उजवा हात – कालच्यासारखाच, खांद्यापासून लोंबता, बोटं गार. डावा खणखणीत. जीभ त्याहून खणखणीत! माझी कंबर – विचारू नये. लेकीचा घसा बसलाय, फोनवर बेडकासारखी वाटली. आणि हिच्यासाठी बनवतोय त्या यंत्राची मोटर – तिला ताप आहे. सात मिनिटं चालवली की हात लावू देत नाही.

लेकीचा फोन काही घसा दाखवायला नव्हता. म्हणाली, "बाबा, एकतीस तारखेला येते आणि आईला घेऊन जाते. आता माझ्याकडेच राहू दे तिला. डब्याचं गार अन्न, तुमची धावपळ... तुमच्याच्याने होत नाही हो."

मी म्हटलं, "आणि आईने स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला तर?"

ती आधी खोकली. मग – "कुठल्या हाताने, बाबा?"

"डाव्या."

"बघू," म्हणाली.

'बघू' म्हणजे 'नाही' नव्हे! सत्तावीस दिवस हातात आहेत.

बुधवार, ६ मार्च

एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल. एक दांडा, त्याच्या पोटात मोटर. पुढे चार तोंडं – फेटायचं, चिरायचं, कुस्करायचं, आणि भाज्या घासायचा ब्रश. लागेल ते बसवायचं, नको ते काढायचं. बाजारात अशी यंत्रं ढिगाने मिळतात. तीन आणून उघडून बघितली. तिन्हींची तीच तऱ्हा – एका हातात दांडा धरा, दुसऱ्या हाताने तोंड फिरवा. म्हणजे दुसरा हात आहे हे गृहीतच!

चाळीस वर्षं मिक्सरच्या मोटरी बांधल्या. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं जळक्या मोटरींनी शिकवलं. पण ही गोष्ट कधी डोक्यात शिरली नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हिने यंत्राला नाव ठेवलंय – चारतोंड्या. म्हणाली, "तुमच्या आत्याबाई गेल्यापासून या घरात एवढी तोंडं एका धडाला नव्हती."

गुरुवार, ७ मार्च

हिच्या डाव्या मुठीचा साचा घेतला. पीठ घट्ट मळलं – मी मळलं, ढेकळं झाली – नळीभोवती थापलं आणि म्हटलं, "दाब." दाबलं. तीन बोटांचे ठसे खोल, करंगळीचा उथळ. करंगळीवर भार द्यायचा नाही. दांडा मधे जाड, खाली निमुळता. तर्जनीजवळ भाजल्याचा जुना डाग आहे. कधीचा, मला ठाऊक नाही.

"झालं का? माझी बोटं चिकट झालीत," ही म्हणाली.

"एक मिनिट. अंगठा कुठवर पोचतो तेवढं मोजू दे."

शनिवार, ९ मार्च

वजन सातशे ऐंशी ग्रॅम. फार झालं. सहाशेच्या आत यायला हवं. मोटर बदलावी लागणार. कंबर मोडली.

रविवार, १० मार्च

सापडलं! तोंड हाताने धरायचंच नाही. लाकडाचा ठोकळा, त्यात चार खळगे, चारही तोंडं तिथे उभी. ठोकळ्याखाली रबर, म्हणजे ओट्यावर सरकणार नाही. दांडा वरून तोंडावर टेकायचा, दाबायचा, चतकोर फिरवायचा – कट्! बसलं. काढताना खळग्यात घालून उलटं फिरवायचं. दुसरा हात हवाय कशाला?

लेथवर सुटे भाग कातून देतो, त्या लेथवाल्याला चित्र दाखवलं. आमची मैत्री तीस वर्षांची, पण तोंडातून कौतुक निघेल तर शपथ. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "हे तुझ्या डोक्यातलं? बरं मग, तुझ्या डोक्याला वंगण घालत जा, चालतंय अजून."

बुधवार, १३ मार्च

ठोकळा आला, नवी हलकी मोटर बसवली. पाचशे नव्वद ग्रॅम. ही उभी राहिली, दांडा टेकला, दाबला – फिरवता येईना. मनगट आत वळतच नाही तिचं पुरेसं. "बाहेर फिरवून बघ," म्हटलं. बाहेर सहज!

मग काय, खाचा उलट्या करून घेतल्या. लेथवाला म्हणतो, "अख्खं जग एकीकडे फिरवून घट्ट करतं, तू दुसरीकडे. म्हातारपणी वाकड्यात शिरायचं सुचलंय." म्हटलं, जग माझ्या घरी स्वयंपाक करायला येणार नाही.

शनिवार, १६ मार्च

अंडी फेटायला घेतली. पहिली दोन मिनिटं झकास. मग फेटायचं तोंड आपोआप सैल होत गेलं, सुटलं, भांड्यातून उडालं आणि खिडकीच्या काचेवर आपटलं. अंडं भिंतीवर, अंडं कॅलेंडरवर, अंडं माझ्या चष्म्यावर. ही दांडा धरून तशीच उभी. बटणावरचं बोट लगेच काढलंन, ते बरं.

कारण टेबलाशी बसलो तेव्हा कळलं. मोटर फिरते एकीकडे, खाच घट्ट होते दुसरीकडे. मोटर चालली की ती स्वतःच कुलूप उघडते! पोराटोरालाही कळेल असं, आणि चाळीस वर्षं मोटरी बांधणाऱ्याला कळलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, दुसरं काय.

भिंत पुसायला दुपार गेली.

सोमवार, १८ मार्च

मोटर उलटी फिरवली. आत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या दोन तारांची अदलाबदल, एवढंच काम. आता मोटर चालेल तितकं तोंड जास्तच घट्ट बसतं. ओढून पाहिलं, हलत नाही. तापही उतरला, पंधरा मिनिटं चालवली तरी कोमटच.

मंगळवार, १९ मार्च

आज काही केलं नाही. दमलो. तेरा दिवस उरले – नाही, बाराच.

गुरुवार, २१ मार्च

हसू की रडू!

चिरायचं तोंड लावलं, झाकणाच्या भांड्यात कांदे घातले, बटण दाबलं. आवाज मोठा दमदार. झाकण उघडलं तर कांद्याचे तुकडे नाहीत, लगदा. भिजवलेल्या कागदासारखा. गाजरं घातली, त्यांचंही तेच. पातं काढून बघितलं – धार बरोबर आहे, पण धार पुढे आणि मोटर मागे! मी मोटर उलटी केली आणि पात्याला सांगायचं विसरलो. बिचारं पाठीने कांदे बडवत होतं.

हिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुदकन हसली. मग थांबेचना. ओट्याला टेकून, डोळे पुसत, "अहो, हा चारतोंड्या तर पाठमोरा चालतो!" हात गेल्यापासून अशी हसली नव्हती. मीही हसलो.

मग म्हणाली, "आज राहू दे ना. बसा जरा इथे."

म्हटलं, "एकदा फक्त तोंडं बदलून दाखव, वेळ लिहून घेतो." दाखवलंन. एकोणीस सेकंद. पुन्हा करायला लावलं – सतरा. अकराव्या खेपेला मनगट थरथरलं तेव्हा थांबवलं.

नवं पातं उलट्या धारेचं. लेथवाला म्हणतो, आठवडा लागेल. म्हटलं, पुढच्या गुरुवारी नक्की दे, नाहीतर दुकानासमोर बसून राहीन.

रविवार, २४ मार्च

नऊ सेकंद! पाहुणा म्हणून आलेला लेथवालासुद्धा "वा" म्हणून गेला, आणि त्याचा 'वा' म्हणजे सोनंच.

तो गेल्यावर ही म्हणाली, "ही माझी परीक्षा आहे का हो?"

"परीक्षा एकतीसला. हा सराव."

दांडा ओट्यावर ठेवलान. खिडकीशी जाऊन बसली. हात दुखत असेल. उद्या सराव कमी घेईन.

मंगळवार, २६ मार्च

कमी घेतला नाही. दिवस थोडे आहेत.

बुधवार, २७ मार्च

दुपारी तारांच्या जोडाला कथलाचा डाग देता देता टेबलावर डोकं टेकलं आणि झोपच लागली. चटका बसला तेव्हा जागा झालो. डाग द्यायच्या सळईवर अंगठा. ही धावत आली. थंड पाण्याखाली धरलंन, मग पट्टी बांधली. पट्टीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, फिरवून ओढलंन आणि गाठ मारली. पक्की!

"अगं, हे कधी शिकलीस?"

"तुम्ही बघत होतात कुठे? केस विंचरते. बटणं लावते. परवा सुईत दोरा ओवला, सुई उशीत खोचून."

"मला दाखवायचंस की."

"तुम्ही घड्याळ घेऊन आला असतात."

ठणका लागलाय. सगळं अंगच ठणकतंय, खरं सांगायचं तर. सकाळी उठताना वाटतं, आज एक दिवस कोणी उठवू नये. पण लेक रविवारी येणार. ती हिला घेऊन गेली तर या टेबलाशी मी कोणासाठी बसायचं? हे हिच्याजवळ बोललो नाही. म्हणायची, माझ्यासाठी की मोटरीसाठी?

गुरुवार, २८ मार्च

पातं आलं. कांदे चिरले. तुकडे – एकसारखे, सुटे! तिने चिमटीत घेऊन पाहिले. "छान आहेत," म्हणाली, आणि चिमूटभर मला भरवलंन. कच्चा कांदा! डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्याचंच.

शुक्रवार, २९ मार्च

झालं!! पूर्ण सूप, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका हाताने. बटाटे ब्रशने घासले, गाजर आणि कांदा चिरला, शिजल्यावर कुस्करलं, वरून साय फेटून घातली. चारही तोंडं, चार वेळा बदल, कुठे अडलं नाही, कुठे उडालं नाही. एकोणचाळीस मिनिटं. मी फक्त भांडं उतरवलं, कारण ते जड होतं. त्यालाही दुसऱ्या बाजूला टेकू करता येईल, डोक्यात आहे.

मी दोन वाट्या प्यायलो. तिने दोन चमचे. म्हणाली, भूक नाही.

आता लेकीला काय बोलता येतं ते पाहू!

शनिवार, ३० मार्च

उद्यासाठी बटाटे, गाजरं, कांदे आणून ठेवले. ठोकळा तासून गुळगुळीत केला. दांडा पुसला. हिला म्हटलं, उद्या घाबरू नकोस, नऊ सेकंद नाही जमले तरी बारा चालतील.

"घाबरत नाही," म्हणाली. माझ्या अंगठ्याची पट्टी बदलली. कॉलर नीट केली. आणि माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मी विचारलं, तोंडाला काही लागलंय का?

लेकीला आणायला सकाळी लवकर निघायचं. वही मिटतो. छाती हलकी झाली आहे, कंबर तेवढी राहिली.

रविवार, ३१ मार्च

ही मी. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर गोड मानून घ्या. तुम्ही लेकीला आणायला गेलात, तेवढ्यात.

वही रोज टेबलावर उघडी टाकता, मी रोज वाचते. तेव्हा तुम्हीही हे वाचा. मला घेऊन जा असं लेकीला मीच सांगितलं. तिच्याकडून वदवून घेतलं, माझ्या तोंडून निघेना म्हणून. हात गेल्यापासून तुम्ही हाताशीच बोलता हो. मी त्याच्या मागे उभी असते.

आणि स्वयंपाक सुटला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. कुणाला सांगणार?

आज लेकीसमोर सगळं नीट करून दाखवीन. तुमची मान खाली जाऊ देणार नाही. मग तिच्याबरोबर जाईन. यंत्र फार चांगलं झालंय, ते ठेवून जाते. आता तुम्ही त्यावर काही करून खा.

फोन नको. फोनवर तुम्ही "सगळं ठीक" म्हणता, खरं फक्त इथे लिहिता. असंच खरं लिहून मला पाठवा. आणि फार दिवस लावू नका.