टाळ सुटे ऐकू येतात, असं मी म्हटलं

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. दोंडाईचा
कापसाच्या जिनला सुट्टी. प्र. सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला गेला आणि दिवेलागणीला वायर घेऊन आला. स्पीकरची. लाल-काळी, करंगळीएवढी जाड.

ही डायरी जिनच्या शेठनी त्याला दिवाळीत दिली. तो लिहीत नाही, मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. शैला नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, तसं हातानंही नाही. नुसतं 'प्र.' काढते. लेक मंगल बोदवडला देऊन झाली, तरी लाज शिल्लक आहे.

तर वायर. मंगल सासरी गेल्यावर तिच्या खोलीत यानं दोन मोठी खोकी बसवली. लाकूड स्वतः कापलं. भजनाची कॅसेट लावतो, डोळे मिटतो. यंदा एकच घोकतोय, टाळ बोथट झाले. आधी कॅसेट बदलली. मग टेपचं डोकं स्पिरिटनं पुसलं. आता दुकानदार म्हणाला, पातळ वायरीत बारीक आवाज अडकतो.
म्हटलं, "गावातलं भजनी मंडळ बिनवायरीचं गायचं, तेव्हा टाळ कसे पोचायचे रे?"
"माय, तुले नही समजाव."
नसेल समजत.

२१ नोव्हेंबर, सोमवार
माझी परीक्षा झाली. बाजारात मडकं घेताना मी टिचकी मारून चीर ओळखते, तेव्हा घरात कान माझाच, असं प्र.नं ठरवलं. डोळ्यांवर पदर घेऊन बसवलं मला. शैला खोक्यामागे. एकदा पातळ वायर, एकदा जाड. पाच वेळा.

पाचही वेळा तेच. टाळ तेच, पेटी तीच, बुवांच्या घशातला कफही तोच.

पदर काढला. प्र. समोर उकिडवा. लहानपणी तापात "उतरना का वं?" विचारायचा, तसं तोंड.
"माय, फरक शे ना?"
म्हटलं, "शे. टाळ सुटे ऐकू येतात."
शैलानं माझ्याकडे बघितलं. मी नाही बघितलं तिच्याकडे.

२८ नोव्हेंबर
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. प्र. चुलीसमोरच पाटावर. विचारतो, "भात टाकला का नाही अजून?"
शैला म्हणते, आत्याबाई, माझं बोलणं ह्यांना कळत नाही, पण गल्लीतल्या पुरुषांचं कळतं. म्हटलं, बायकोचं ऐकू न येणं हा तर सगळ्या नवऱ्यांचा आजार. तुझ्या सासऱ्यांना हळदीच्या दिवसापासून होता. हसलो दोघी.
हसून झाल्यावर भात गार झाला होता.

५ डिसेंबर, सोमवार
आज पाप केलं. प्र. बाजारात गेला तेवढ्यात शैलाला सांगितलं, पातळ वायर कपाटामागून जोड. जाड वायर समोर तशीच दिसू दे, नुसती टोकं खोक्यामागे मोकळी सोड. केलं तिनं.
प्र. आला. कॅसेट लावली. डोळे मिटले. मग म्हणतो, "बघ माय. ही वायर लावल्यापासून जीव आला."
शैला उठून मोरीत गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासत बसली.
मी त्याच्या पाठीमागे उभी राहून हातातल्या बांगड्या वाजवल्या. आधी हळू, मग जोरात. त्याची मान हलली नाही. मग खाकरले. लगेच वळला. "काय व्हयनं?"
काही नाही म्हटलं.
वायरीत काही अडकलेलं नाही.

६ डिसेंबर
शैला म्हणते हे लिहू नका. लिही.
प्र. जिनमध्ये फिटर, तिथे सगळ्यांचा भाऊ. एका ओळीत मशीनं, प्रत्येकावर बाई, ती कापूस टाकते. पुढून रुई पडते, खालून सरकी. आवाज असा की दुपारी घरी आल्यावरही बायका ओरडूनच बोलतात. सगळ्यांच्या कानात बोळा, रुईला तिथे काय तोटा. एकटा प्र. बोळा घालत नाही. एकवीस वर्षं नाही घातला. त्याचं कामच ऐकण्याचं. लांब पेचकस बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो, आणि सांगतो, हे आठवडाभर चालेल, हे आज बदला. शेठ पाहुण्यांना दाखवतात, आमचा भाऊ मशीनची नाडी बघतो. मीही गल्लीत कमी मिरवलं नाही.
नाडी बघणाऱ्याचा कान गेला हे शेठला कळलं तर?
ठरवलं, सिझन संपू दे. मार्चमध्ये मशीनं थांबली की धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेऊ. तोवर गप्प. शैला म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे ती मला कधीच म्हणत नाही.

२ जानेवारी १९८९, सोमवार
जुनी डायरी संपली. शैलानं मंगलची शाळेतली वही काढली.
प्र. आज धुळ्याला. आणखी जाड वायर आणली. जोडली शैलानं, हिचीही टोकं मोकळीच. म्हणतो, थंडीत आवाज पुन्हा दबला. मला बसवलं, ऐक म्हणाला. ऐकलं. "शे?" शे म्हटलं. आता हे तोंडातून सवयीनं येतं, पान खाल्ल्यावर पिंक यावी तसं.

१ फेब्रुवारी, बुधवार
जिनला आग लागली. दुपारी. प्र. ठीक आहे. ठगूबाईचे दोन्ही हात भाजले कोपरापर्यंत. चौथ्या मशीनवरची ठगूबाई, आपल्याच गल्लीतली, विहिरीजवळची. तिला टेम्पोत घालून धुळ्याला नेलं.
प्र. अंगणात बसलाय. भुवया जळाल्या आहेत. कुणाशी

२ फेब्रुवारी
काल शैलाला पुढे लिहवेना.
आज कळलं ते असं. बेअरिंग तापलं, लाल झालं, रुई पेटली. बेअरिंग एकदम तापत नाही, आधी किंचाळतं, तास तास किंचाळतं. ठगूबाई शेजारणीला बोलली, मग भाऊला हाक मारली, "भाऊ, मशीन वरडी राहिनं!" प्र. तिथेच होता, पलीकडच्या मशीनवर वाकून. फेरीत एकदा आपणहून आला, पेचकस लावला, म्हणाला, "काही नही शे, टाक कापूस." ती टाकत राहिली. भाऊ म्हणतो म्हणजे नसेल काही.

बारीक किंचाळी आणि बाईचा आवाज. नेमके हेच दोन त्याला येत नाहीत.

४ फेब्रुवारी
शेठनी प्र.ला विचारलं, आधी आवाज आला होता? प्र. म्हणाला, नाही. खोटं नाही बोलला बिचारा. त्याला आला नव्हता.
मग जिनच्या दिवाणजींनी हिशेब लावला. भाऊला आवाज आला नाही म्हणजे बेअरिंग चांगलं होतं. म्हणजे कापसातून खडा नाहीतर खिळा गेला, ठिणगी पडली. कापूस निवडून टाकायचं काम कुणाचं? ठगूबाईचं. आता जिन तिच्या औषधपाण्याला हात लावणार नाही, बरी झाली तरी कामावर घेणार नाही.
बाकीच्या बायका बोलल्या, आम्हीही ऐकलं. दिवाणजी म्हणाले, कानात बोळे घालून?
शैला, थांब. पाणी दे.

८ फेब्रुवारी
तीन दिवस वही बंद. शैला लिहिणार नाही म्हणाली. म्हणाली, उद्या कुणी वाचलं तर माझ्याच हातचं अक्षर निघेल. खरंय तिचं. मला काय, मी बोलून मोकळी. आज तिनंच वही आणली आणि समोर बसली.

९ फेब्रुवारी
ठगूबाईला घरी आणलंय. गेले होते. हात फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवलेले, जाऊ भरवते. मला बघून उठायला लागली. म्हटलं, बस.
ती म्हणे, "तीन डाव हाक मारी मी, मायबाई. बठ्ठ्या बायास्नी आयकं. भाऊनीच नही." मग माझ्याकडे बघून, "माले खडा दिसता ना, तर मीच काढती."
रागावली असती तर बरं झालं असतं. ती आपली मला पटवत होती. तिला वाटलं, माझाही विश्वास नाही.
मी पिशवीतली केळी ठेवली आणि आले. केळी. मोठं काम केलं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
दिवाणजी रविवारी घरी येणार, प्र.चा जबाब कागदावर घ्यायला. प्र.नं सही केली की झालं.
शैला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मी मोजत नव्हते, पण मला ऐकू येतं ना.

११ फेब्रुवारी
सांगितलं.
मंगलच्या खोलीत नेलं, दार लोटलं, समोर बसले, माझं तोंड त्याला दिसेल अशी. म्हटलं, वायरीत कधीच फरक नव्हता. पातळ, जाड, धुळ्याची, जळगावची, सगळ्या सारख्या. डिसेंबरपासून तू पातळ वायरीवरच ऐकतोयस, दोन्ही जाड वायरींची टोकं मोकळीच आहेत, जाऊन बघ. टाळ बोथट नाहीत. ठगूबाईनं हाक मारली होती.
तो गेला, खोक्यामागे वाकला, टोकं हातात घेतली.
मग म्हणाला, "तू शे म्हणनी."
हो म्हटलं.
"मी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो, माय. मला वाटलंच होतं कानाचं. म्हणून तर तुला बसवलं. तू म्हणालीस टाळ सुटे येतात, आणि नवी वायर लागल्यावर मलाही आल्यासारखे वाटले. म्हटलं, चला, कान शाबूत आहे."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, परीक्षा वायरीची आहे.
त्यानं शैलाला काही विचारलं नाही. जेवला नाही. खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
दिवाणजी दहाला येतील.
प्र. लवकर उठला. दाढी केली, गाल कापून घेतला. बाहेर ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या, मग एक उचलून दुसरीच्या अगदी जवळ ठेवली. मला म्हणाला, "माय, दिवाणजी तोंडात तंबाखू धरून बोलतात, मान कागदात घालून. मला समजत नाही. तू माझ्याशेजारी उभी राहा. ते विचारतील ते मोठ्यानं मला सांग."
म्हणजे दिवाणजींना कळणारच, प्रश्न आईनं ओरडून का सांगावा लागतो ते. हे त्याच्या ध्यानात आहे की नाही? की एकदा विचारतील, मी सांगेन, आणि तो पुन्हा 'आवाज आला नव्हता' एवढंच म्हणेल? ते खोटं नाही ठरणार. नोकरी राहील, निदान मार्चपर्यंत. शैलाचं घर चालेल. ठगूबाईचं नाही.
मी सुनेचं तोंड बघते तर ती खाली बघून लिहिते आहे.
आत्ता आत गेले होते. तो भिंतीवरच्या आरशासमोर, टोपी घालत, पाठ माझ्याकडे. विचारलं, "काय सांगशील रे त्यांना?"
टोपी नीट केली. पुन्हा नीट केली.
ऐकलं नसेल. किंवा ऐकलं असेल. खांद्याला हात लावून, वळवून पुन्हा विचारायला हवं होतं. हात उचललाही होता मी.
फटफटी थांबली दारात. शैला, पुरे. डोक्यावर पदर घे आणि चहाचं आधण ठेव, मी बाहेर जाते.