तू सांगितलेले माझे दिवस

आई, काल संध्याकाळी तुझ्या नातीने विचारलं, आजी कशी होती? मी कोथिंबीर निवडत होते, हात तसाच थांबला. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली, आणि लहानपणाचं मला जे काही ठाऊक आहे, ते बहुतेक सगळं तूच सांगितलेलं आहे.

मी सातव्या महिन्यात झाले. काचेच्या पेटीत होते, रडायचाही जोर नव्हता, एवढंच तू कधीतरी बोलायचीस. पुढे अंग धरलं, गणितात पहिली येऊ लागले, पण सकाळी काय घडलं ते दुपारी विचारलं की पाटी कोरी. रोज घडायचं तेवढं ठाऊक आहे: टी. नगरच्या स्टॉपवर शाळेची बस थांबते, मी उतरते, तू दप्तर घेतेस. "आज काय झालं गं?" "काही नाही." मग साड्यांच्या दुकानांपुढून, मोगऱ्याच्या टोपल्या चुकवत आपण चालतो आणि तूच सुरू करतेस. "आज तू लिंबूभात त्या चष्मेवालीला दिलास. हत्ती निळा रंगवलास, मिस हसल्या तर रुसून बसलीस." मला वाटायचं, आईला सगळं आपोआप कळतं. तू वर्गात आणि बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या आयाम्मांना रोज बाजूला घेऊन तुझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये "इन्निक्कि एन्न पण्णा?", आज काय केलं हिनं, असं विचारायचीस, हे त्यांनीच मला सांगितलं, तू गेल्यावर भेटायला आल्या तेव्हा.

त्यामुळे एक गंमत झालीय. माझ्या आठवणींत मीच मला दिसते, पाठमोरी, लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली. ऊन पिवळं असतं, समुद्रावरचं वारं सुटलेलं असतं, हत्ती निळा असतो, आणि तू कुठेच नसतेस. सांगणारी कशी दिसेल गोष्टीत?

गेल्या महिन्यात ओरगडमच्या कारखान्यातल्या कामावरून परतताना रोजचं वळण पुन्हा चुकले, तेव्हा घाबरून डॉक्टरांकडे गेले. म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. म्हणाले, दिवसभराचे तुकडे एकत्र ओवणारा एक इवलासा भाग मेंदूत असतो. आईच्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत तो भराभर वाढतो. लवकर जन्मलेल्या काही मुलांमध्ये तो जरा लहान राहतो. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, हुशारीही शाबूत असते, पण कुणाकुणाचा कालचा दिवस निसटतो. "घरात कुणी आठवण करून द्यायचं का, अम्मा?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले, अगदी लाज सोडून.

कारण मीच तुला गप्प केलं होतं. चौदा वर्षांची होते. साडीच्या दुकानात, माझ्या मैत्रिणींसमोर, तू नेहमीसारखी सुरू झालीस, "आज वर्गात हिनं..." आणि मी ओरडले, "पुरे! माझा दिवस माझा आहे. तू कोण सांगणारी?" दुकानदार साडीची घडी घालायचा थांबला. तू पदर खांद्यावर नीट घेतलास. त्यानंतर तू फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायचीस. पुढे पाच वर्षं तू होतीस, आणि त्या पाच वर्षांतलं माझ्याकडे जवळजवळ काहीच नाही. फार चुकलं माझं, आई.

तो एक दिवस मात्र कुणी न सांगता आठवतो. त्यात तुझा चेहरा आहे, अगदी जवळून, उतरलेला. तुझा तेवढाच चेहरा माझा स्वतःचा आहे.

नातीला तो कसा देऊ? ती वाट बघत होती. मी कोथिंबीर पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, आजी सारखी हसायची. तिला ते फार आवडलं, शेजारी जाऊन सांगूनही आली. तू हसायचीस की नाही, मला माहीत नाही.