आंबट मातीतले ‘सुस्वागतम्’

प्रति,
मा. संचालक,
गवताळ जमीन अभ्यास केंद्र, तरसाली, बडोदे.
(मार्फत : प्रमुख, उद्यान विभाग)

विषय : आपण पाहणीस येत असल्याचे कोणालाही न कळविता येण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे गुजरातीतील दोन अर्ज. दोन्ही अनुत्तरित, म्हणून हा आपल्या मातृभाषेत.

महोदय,

अर्जदार मैथिली शिर्के ही आपल्याच केंद्रात गवत वाढवते आणि मोजते. बडोद्याची माती मुळात आंबट नाही. म्हणून तिने तीन वाफ्यांत नऊ वर्षे थोडे थोडे गंधक मिसळून ती आंबट केली. अशा मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लोहाला आणि अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतो आणि असूनही गवताच्या मुळांना मिळत नाही. वाळलेले गवत कुजून तो मातीत परतण्याचे चक्रही मंदावते. ते किती मंदावते, एवढेच अर्जदारास पाहायचे होते.

२. गेल्या जूनमध्ये आपण येणार असे कळले. साहेब येणार म्हटले की रस्त्याच्या कडेने चुन्याची फक्की पडते, हा रिवाज अर्जदारास मान्य आहे. परंतु उद्यान विभागप्रमुख सुभानराव यांच्याकडे चुना उरला. तो त्यांनी पहिल्या वाफ्यावर ‘सुस्वागतम्’ लिहून संपवला. विचारणा करता, “बेन, साहेब येतात तर कंईक शोभा तर पाहिजे ने!” असे उत्तर मिळाले. आपण मोटारीतून उतरला नाहीत, हा भाग वेगळा.

३. चुन्याने आंबटपणा गेला, अडकलेला स्फुरद सुटला आणि पावसात गवत फक्त अक्षरांपुरते गुडघाभर वाढले. ‘सुस्वागतम्’ आता गच्चीवरून वाचता येते. इतका सुवाच्य निष्कर्ष क्वचितच कोणा संशोधकाच्या नशिबी येत असेल. त्याबद्दल सुभानरावांना प्रशस्तिपत्र मिळाले. अर्जदारास मात्र उरलेले गवत खुरटे का, याचा खुलासा मागण्यात आला. त्या दिवशी ती बांधावर बसून रडली. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते तिला ठाऊक नाही.

४. दिवाळीनंतरच्या आपल्या भेटीत दुसऱ्या वाफ्यावर ‘पुनरागमनाय च’ उमटले. आता तिसऱ्यावर आपले नाव पदव्यांसह काढण्याचे घाटते आहे. पदव्या पाहता वाफा पुरणार नाही, अशी अर्जदारास आशा होती. परंतु अक्षरे बारीक काढायचे ठरले आहे.

५. तिसरा वाफा गेला तर नऊ वर्षांतले काहीही शिल्लक राहणार नाही. पुन्हा नऊ वर्षे घालावीत, तर अर्जदाराच्या निवृत्तीस चारच उरली आहेत. सबब आपण यावे, जरूर यावे, पण रिक्षाने आणि निरोप न धाडता यावे, ही हात जोडून विनंती.

आपली, अद्याप नम्र,
मैथिली शिर्के
९ जानेवारी २०२६

सोबत : तिसऱ्या वाफ्यातील मूठभर माती.

उद्यान विभागाचा शेरा : अर्ज वाचला. साहेब रिक्षाने येणार असल्यास फाटकापासून वाफ्यापर्यंत पायी यावे लागेल. सबब दुतर्फा फक्कीसाठी चुन्याच्या वीस गोण्या जादा मंजूर व्हाव्यात. — सुभानराव