हसण्यामागचा टक्

नल्लकुंटा, रविवार दुपार

चि. मकरंद,

काल सूनबाईने फोनवर तुझा रेडिओचा कार्यक्रम लावला. ‘माझ्या संग्रहातून’ म्हणत तू त्या जुन्या अमेरिकन जॅझवाल्याची रेकॉर्ड वाजवलीस, ज्याचा डावा हात पियानोवर नुसता उड्या मारतो. मध्येच तो गाणं सोडून खो खो हसला, पाठोपाठ टक् असं वाजलं, आणि माझी बोटं आपोआप टेबलावर आपटली.

तो ओरखडा मी ओळखते रे. ह्यांनी ती रेकॉर्ड जुम्मेरात बाजारातल्या भंगारातून उचलली तेव्हापासूनचा आहे. टक् झालं की हे टेबलावर थाप मारून ओरडायचे, “वाह मियाँ!” त्या जॅझवाल्याच्या रेकॉर्डी शोधण्यात ह्यांचा जन्म गेला. तुला सगळं ठाऊक होतं.

हे गेल्यावर तू ती कॉम्प्युटरवर उतरवायला म्हणून पुण्याला नेलीस. मग तुझा फोन आला, प्रवासात फुटली म्हणून. निदान तुकडे तरी दे म्हटलं, तर म्हणालास, कचऱ्यात गेले. आणि केवढा रडलास! मीच म्हटलं, “जाऊ दे रे, वस्तूच ती.”

सूनबाई विचारत होती, मामांना फोन लावू का? नको म्हटलं. रेकॉर्डचं कागदी पाकीट तू इथेच विसरलायस, त्यातच हे पत्र ठेवून देते.

रेकॉर्ड राहू दे तुझ्याकडे. पण तुला उगी करता करता त्या दिवशी माझं रडायचं राहून गेलं, ते तेवढं आणून दे.

अक्का